मशीन विकलं, दावं ठेवलं

आमचे बाबा बैलबाजारातले दलाल. मंगरूळच्या बाजारात त्यांनी एक हाळी दिली की तिकडे कारंज्याचे बैल कान टवकारायचे, आणि हे मी बरंच कमी करून सांगते आहे. बैलाचं तोंड उघडून दात बघायचे आणि त्याच्या आजोबाचा स्वभाव सांगायचे. घेणारा आणि विकणारा दोघंही त्यांच्यावर चिडायचे आणि पुढच्या बाजाराला पुन्हा त्यांच्याचकडे यायचे. मग गावोगाव ट्रॅक्टर आले, बाजार आटला, आणि आसेगावचा आमचा गोठा इतका रिकामा झाला की आत कोणी खोकलं तर गोठाच उलट खोकायचा.

त्या गोठ्यात मी दुकान थाटलं. दुकान म्हणजे पाटी नाही, फळी नाही, आणि दारात गिऱ्हाईक तर अजिबात नाही. त्याआधी मी पुण्याला एका कंपनीच्या तळघरात कॉम्प्युटर दुरुस्त करायचे. तिथं दिवस उगवला की मावळला हे फोन बघून कळायचं. एक दिवस राजीनामा दिला आणि पोतंभर जुने भाग घेऊन निघाले: मदरबोर्ड, रॅम, पंखे, ग्राफिक्स कार्डं. वाशीमच्या स्टँडवर कंडक्टरनं पोत्याला पायानं ढोसून विचारलं, “ताई, भंगार हाय काय?”

“भंगार नाही, नशीब आहे माझं.”

“मंग हाफ तिकीट,” तो म्हणाला.

धंदा असा. चार मेलेल्या कॉम्प्युटरांतून एक जिवंत करायचा. ज्याला जसा लागतो तसा जोडायचा. गेम खेळणाऱ्याचा वेगळा, लग्नाचे व्हिडिओ जोडणाऱ्याचा वेगळा. मग त्याचे फोटो लिलावाच्या एका वेबसाइटवर टाकायचे. कुठकुठले लोक बोली लावतात. वेळ संपताना ज्याची बोली सगळ्यात वर, मशीन त्याचं. मी जोडलेल्या मशीनचा पंखा असा फिरायचा की गोठ्यातल्या चिमण्या त्याच्या वाऱ्यावर नुसते पंख पसरून बसायच्या, उडायचे कष्टच नाहीत.

पण सगळं टांगलेलं होतं त्या वेबसाइटवरच्या माझ्या एका खात्यावर. नव्या विक्रेत्यासाठी तिथला नियम कडू होता. फसवणुकीची एक तक्रार खरी ठरली की खातं कायमचं बंद. खातं बंद म्हणजे गोठा बंद, आणि गोठा बंद म्हणजे पुन्हा ते तळघर. मी मनाशी गाठ मारली होती: तळघरात परत जाणार नाही. जगेन तर याच पत्र्याखाली, मशीनं विकून.

पहिल्या लिलावाला बाबा माझ्या शेजारी खाटेवर बसले होते. फोनवर बोली चढत होती आणि बाबांचा चेहरा उतरत होता.

“हे साऱ्यायले दिसून राह्यलं?”

“हो बाबा. सगळ्यांना दिसतं. म्हणून तर चढते.”

“उघड्यावर बोली? येशीवर आंघोळ केल्यावानी?” असं म्हणून त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि फोनवर टाकला. बाजारात सौदा दुपट्ट्याखाली व्हायचा. दोघांचे हात आत, बोटं दाबून भाव सांगायचा, बाहेर कोणाला पत्ता नाही. मी दुपट्टा काढला की ते पुन्हा टाकायचे. शेवटची बोली आम्ही दोघांनी दुपट्ट्यात डोकी घालून बघितली. माय स्वयंपाकघरातून आली आणि म्हणाली, “बाप-लेक वाफारा घेऊन राह्यले काय?”

त्या दिवशी बाबांच्या अंगात जुना दलाल जागा झाला. दुसऱ्या दिवसापासून पॅकिंगचं खातं त्यांनी माझ्या हातून काढून घेतलं. मीही काही बोलले नाही. महिनोन्‌महिने खाटेवर पडून पत्र्याकडे बघणारा माणूस सकाळी उठून सुतळी वळतो आहे, हे बघून कोण बोलेल? आणि पॅकिंग तरी कसं! मशीनच्या पोटात घरचा कापूस, ग्राफिक्स कार्ड हलू नये म्हणून. वरून पुठ्ठा, त्यावर गोणपाट, त्यावर सुतळीच्या अशा गाठी की पार्सल विमानातून खाली टाकलं तर जमिनीलाच खड्डा पडावा आणि मशीन आत झोपलेलंच असावं. शेवटचा हात त्यांचा. मी मशीन तपासून, बंद करून, बाजूला सगळ्या केबल ठेवून उठायचे. पुढचं सगळं बाबा.

मशीनं जात राहिली. लोक खूश होते, पण प्रत्येकाच्या शेऱ्याला एक शेपूट असायचं: मशीन झकास, पॅकिंग जबरदस्त, फक्त पॉवरची वायर नव्हती. एकानं लिहिलं, दुसऱ्यानं लिहिलं. प्रत्येकाच्या घरी जुनी एखादी वायर पडलेली असतेच, म्हणून कोणी फार ताणलं नाही. मला वाटलं, वाटेत कोणीतरी काढून घेतं. मंगरूळच्या कुरिअरवाल्याला मी असं झापलं की तो बिचारा पुढे माझी स्कूटी दिसली की शटर अर्धं खाली ओढायचा. “ताई, तुमच्या बाबाच्या गाठी सोडाले आमच्या खानदानात कोनी जन्मलं नाई,” तो शपथेवर सांगायचा. मला त्याचं पटायचं आणि तरी मी त्याला झापायचेच.

मग नांदेडचं मशीन गेलं. ते मी जोडलेल्यांतलं सगळ्यात तगडं. नांदेडचा एक तरुण लग्नांचे व्हिडिओ जोडायचा, त्यानं शेवटच्या क्षणाला बोली मारून ते घेतलं. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारच्या जेवणाला बसले असताना, फोन वाजला. वेबसाइटचा निरोप होता: फसवणुकीची तक्रार आली आहे. उद्या संध्याकाळपर्यंत घेणाऱ्याचं समाधान करा, नाहीतर खातं बंद.

भाकरी तशीच ठेवून मी त्याला फोन लावला.

“ओ ताई, वायर तर पाठवलीच नाही,” तो आधीच तापलेला. “ती मी घरची लावली. पण स्क्रीन काळीच! पंखे फिरायलेत नुसते. आत कापूस भरलाय सगळा. मशीन पाठवलं का गादी?”

“कापूस काढलात ना?”

“काढला. उशी झाली एक. पण त्या मोठ्या कार्डाला वायरच नाही आत. रिकामी भोकं दिसायलीत दोन.”

त्या मशीनचा पॉवर सप्लाय वेगळ्या जातीचा होता. त्याच्या आतल्या केबल सुट्या असतात, दोन्ही टोकांनी निघतात. ग्राफिक्स कार्डाची केबल मी स्वतः लावली होती, स्वतः चालवून बघितलं होतं.

“ताई, आमच्या मिस्त्रीकडं तसलीच केबल हाय. लावून बघतो म्हणतोय.”

“नको!” मी अशी ओरडले की मायच्या हातून वरण सांडलं. “भोकं सारखी दिसतात, पण आतल्या तारांचा क्रम वेगळा असतो. दुसऱ्या कंपनीची केबल लागली की कार्ड जळेल, सगळंच जळेल. उद्या दुपारपर्यंत थांबा. मी स्वतः येते केबल घेऊन.”

“दुपारपर्यंत. पुढं मला पार्टीला लग्नाची फिल्म द्यायचीय, ताई. त्याच्या पुढं मी ऐकणार नाही.”

मी गोठ्यात धावले. टेबल उलथंपालथं केलं, पोती झटकली, कडब्याच्या जुन्या ढिगात हात घातला. केबल नाही. शेवटी मागच्या भिंतीकडे नजर गेली. तिथं खुंट्या आहेत, आणि खुंट्यांवर बाबांनी विकलेल्या बैलांची दावी लटकलेली असतात, अंबाडीची, सुताची, वर्षानुवर्षं जमलेली. लहानपणापासून बघत असल्यामुळे मी ती भिंत बघणंच सोडून दिलं होतं. त्या दाव्यांच्या मधे काळ्या पॉवर केबल लटकत होत्या. एकेक नीट वेटोळं करून, प्रत्येकीला सुतळीची गाठ मारून. आणि शेवटच्या खुंटीवर, माझ्या नांदेडच्या मशीनच्या पोटातली केबल.

“बाबा!”

बाबा सुतळी वळत दारात आले.

“हे काय आहे?”

“दावे हायेत.”

“बाबा, ही वायर आहे! लाईटची वायर!”

“ज्यानं जनावर बांधलं ते दावं,” बाबा शांतपणे म्हणाले. “जनावर इकलं का दावं आपलं आपल्यापाशी ठेवाव. घेनारा आपलं दावं आनते. माह्या बापानं कवाच दावं देलं नाई, म्याही नाई देलं.”

मी डोक्याला हात लावला. आमच्या घरात नारळ फुटत नाही, दाराला लिंबू-मिरची लागत नाही. आजोबांनी धम्म घेतला तेव्हापासून वंदनेशिवाय दुसरं काही होत नाही, आणि अंगारे-धुपारेवाला कोणी आला तर बाबा त्याला बसवून तासभर प्रश्न विचारतात, तो निघून जाईपर्यंत. म्हणून मी नेम धरून मारलं.

“बाबा, ही तर अंधश्रद्धा झाली.”

“अंधश्रद्धा कायची वं? धंदा हाय. जुन्या दाव्याले गोठ्याचा वास राह्यते. दावं सोबत गेलं का बैल त्या वासानं हिसके मारते, रात-बेरात सुटून वापस येते. घेनारा बोंबलते, दलालाची इज्जत जाते. हाय काय तुयापाशी याचं उत्तर?”

“कॉम्प्युटर सुटून वापस येत नाही, बाबा!”

“अजून एक तरी आला काय? नाई नं? मंग माह्यं बरोबरच हाय.”

असल्या माणसापुढे कोण टिकणार? बाजारातले मोठमोठे सावकार टिकले नाहीत. माय मागून आली, भिंतीकडे बघून म्हणाली, “म्या म्हनतच होती, हे कायेकुट्ट दोर कायचे. मले वाटलं कपडे वाळू घालाचे हायेत.”

मी शेवटच्या खुंटीवरची केबल काढली आणि बाबांच्या समोर धरली. आता आवाज चढवून उपयोग नव्हता. उद्या संध्याकाळी खातं जाणार होतं, आणि मला बाबा माझ्या बाजूनं हवे होते.

“बाबा, बाहेरची वायर दावं, मानलं. पण ही मशीनच्या पोटातून काढली तुम्ही. पोटातलं दावं नसतं, आतडं असतं. बैल विकताना तुम्ही आतडं काढून ठेवायचे काय?”

बाबांच्या हातातली सुतळी थांबली. त्यांनी केबल घेतली, दोन्ही टोकं उलटसुलट करून बघितली, जशी जनावराची जीभ बघायचे तशी.

“कापूस भरतानी हाताले लागली. वाटलं, हे बी सुटते, काढून ठेवा,” ते म्हणाले. मग त्यांनी केबलचं पुन्हा वेटोळं केलं. “जनावर कुठी हाय?”

“नांदेडला.”

“आतडं म्या काढलं, म्याच लावतो. सकायची गाडी पकडू.”

सकाळी वाशीमहून नांदेडची एसटी धरली. बाबांनी धुतलेला सदरा घातला होता, दुपट्ट्यात दोन्ही केबल गुंडाळून मांडीवर घेतल्या होत्या, आतली आणि बाहेरची. बाहेरची काहून घेतली म्हणून मी विचारलं नाही. सौदा करायला निघालेल्या दलालाला मधे टोकलं की तो बिघडतो.

हिंगोली मागे पडली आणि रस्त्यात एका ट्रॅक्टरची ट्रॉली आडवी झालेली. सोयाबीनची पोती रस्ताभर. गाडी थांबली ती थांबलीच. ऊन चढत होतं. तेवढ्यात त्या तरुणाचा फोन.

“ताई, दुपार होत आली. मिस्त्री येऊन बसलाय. केबल हातात घेऊन बसलाय.”

“दादा, आम्ही रस्त्यात आहोत, खरंच आहोत. हे बघा...”

“तुमच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हणलो असतो,” तो म्हणाला, आणि मागून कोणाचा तरी आवाज आला: “लाव रे, बघू काय होतंय.”

बाबांनी माझ्या हातातून फोन घेतला. तोंडासमोर धरला, श्वास भरला आणि बाजारात सोडायचे तसा आवाज सोडला:

“हाऽऽत लावू नोकोऽऽऽ!”

शपथेवर सांगते, पुढच्या सीटवरच्या बाईंचं झोपलेलं लेकरू उठून चालायला लागलं. ड्रायव्हरनं उभ्या गाडीला पुन्हा ब्रेक मारला. ट्रॉलीजवळ पोती उचलणारे सगळे हात वर करून उभे राहिले. आणि तिकडे नांदेडात, त्या तरुणानं नंतर स्वतः सांगितलं, मिस्त्रीच्या हातातली केबल खाली पडली आणि ती उचलायची त्याची काही हिंमत झाली नाही.

बाबांनी फोन परत दिला. “थांबते तो,” म्हणाले.

गाडी काही हलेना. मी बाबांना खाली उतरवलं. दोघांनी मिळून रस्त्यावरची पोती ओढायला सुरुवात केली. आम्हाला बघून कंडक्टर उतरला, मग मागच्या सीटवरची पोरंही. एकेक पोतं ओढताना मी दातओठ खात एकच म्हणत होते, संध्याकाळच्या आत, संध्याकाळच्या आत. वाट मोकळी झाली तेव्हा माझ्या हाताला फोड आले होते आणि बाबा पन्नाशीतल्या गड्यासारखे ताजे दिसत होते.

नांदेडात त्याचा स्टुडिओ एका कापड दुकानाच्या वर होता. तो दारातच उभा, कमरेवर हात. मिस्त्री कोपऱ्यात, घाबरलेला. मधे माझं मशीन, काच उघडी, शेजारी कापसाचा डोंगर. मी सरळ मशीनपुढे गुडघ्यावर बसले. बाबांनी केबल दिली आणि माझ्या हातावर हात ठेवून म्हणाले, “दाखव कुठी. लावतो म्या.” मी भोकं दाखवली. त्यांनी केबल लावली, खटका बसेपर्यंत दाबली. दुसरं टोकही. बटण दाबलं. पंखे फिरले आणि स्क्रीनवर उजेड आला.

त्या तरुणानं माउस हलवून बघितला. मग म्हणाला, “हे झालं. पण बाहेरच्या वायरीचं काय? फोटोत दाखवली, डब्यात नाही. फसवणूकच झाली ना?”

मी तोंड उघडायच्या आत बाबा पुढे झाले. दुपट्ट्यातून बाहेरची केबल काढली, पण दिली नाही.

“हे बरोबर. बोलल्यापरमानं द्याव लागते. पन हे दावं हाय. फुकट गेलं तर गोठा रिकामा होते. तुमच्या घरचं एक दावं द्या, हे घ्या. दाव्याले दावं.”

“काका, ही काय म्हैस हाय का?”

“म्हैस असती तर आज दूध तरी देलं असतं,” बाबा म्हणाले. “तुमच्या जुन्या जनावराचं दावं असन नं?”

तो तरुण माझ्याकडे बघू लागला. मी मान खाली घातली नाही. माझ्या बाबांचा धंदा होता तो, आणि आता माझा होता. “द्या दादा,” मी म्हणाले. “तुमच्या बंद पडलेल्या कॉम्प्युटरची वायर द्या. यात काही खोट नाही.”

त्यानं हसत कपाळावर हात मारला आणि मशीन बंद करून त्याला लावलेली स्वतःची जुनी वायर काढून बाबांना दिली. बाबांनी आपली दिली. दोघांनी एकाच वेळी सोडायची आणि एकाच वेळी धरायची, असं बाबांनी दोनदा समजावून सांगितलं. मिस्त्री साक्षीदार. आमची वायर लावून मशीन पुन्हा चालू केलं.

“आता तक्रार मागे घ्या,” मी म्हणाले.

“आधी लग्न निघू द्या, ताई. चालतंय ते चालतंय, पण टिकतंय का ते बघतो. पूर्ण फिल्म बाहेर पडली, की घेतो मागे.”

“मग मी इथंच बसते,” मी म्हणाले आणि कापसाच्या डोंगरावर बसले. खरंच बसले. उन्हं कलत होती, वेबसाइटची वेळ संपत येत होती, पण त्याचं म्हणणं चूक नव्हतं. जनावर चालवून बघितल्याशिवाय कोण घेतं?

त्यानं लग्नाचं सगळं शूटिंग मशीनवर चढवलं आणि स्क्रीनवर हिरवी पट्टी हळूहळू सरकू लागली. मशीन घुमायला लागलं. बाबा त्याच्याजवळ खाली बसले, कान लावला.

“हे काय करून राह्यलं?”

“खाल्लेलं सगळं पुन्हा चावून चावून एक करतंय,” मी म्हणाले. “सगळे तुकडे जोडतंय.”

“मंग रवंथ म्हन नं,” बाबा म्हणाले आणि त्यांनी मशीनच्या कुशीवर थाप मारली. “रवंथ करून राह्यलं म्हंजे तब्येत ठीक हाय. बाजूले कोनी बोलू नोको.”

आम्ही चौघं गप्प बसलो. खालच्या दुकानात कोणी तरी कापडाचा भाव पाडत होतं, त्याचा आवाज तेवढा येत होता. पट्टी अर्ध्यावर गेली, अडली. तो तरुण पुढे झुकला. खिशात फोन थरथरला. वेबसाइटची शेवटची आठवण. मी फोन काढलासुद्धा नाही. मनात म्हटलं, हे खातं गेलं तर मी दुसरं उभं करीन, तेही गेलं तर मंगरूळच्या बाजारात पाल ठोकून मशीनं विकीन, पण या पट्टीकडे बघत बसेन. पट्टी सरकली.

लग्न निघालं. नवरी स्क्रीनवर हसली, अक्षता पडल्या, आणि एक मामा पंगतीत जिलेबी खिशात घालताना स्वच्छ दिसला.

“क्वालिटी हाय,” मिस्त्री पहिल्यांदाच बोलला.

त्या तरुणानं फोन काढला आणि आमच्यासमोर तक्रार मागे घेतली. मग शेरा लिहायला लागला, लिहिता लिहिता मोठ्यानं वाचून दाखवत होता: “मशीन खणखणीत. विक्रेती शब्दाची पक्की, नांदेडपर्यंत स्वतः आली. पॅकिंगच्या कापसात एक उशी निघते. वडील वायर काढून ठेवतात. घेताना आपली जुनी वायर तयार ठेवा.”

“शेवटचं वाक्य काढा,” मी म्हणाले.

“राहू द्या,” बाबा म्हणाले. “गिऱ्हाइकाले आधीच माहीत असलेलं बरं.”

मी त्यांच्याकडे बघितलं. “बाबा, पोटातल्याला हात लावायचा नाही. बाहेरचं दावं तुमचं, पण त्याच्या बदल्यात दुकानातून आणलेली नवी कोरी केबल डब्यात जाईल. आपल्या गोठ्यात एकदाही न लागलेली. तिला वास नाही.”

बाबांनी हात पुढे केला. मी माझा दिला. त्यांनी दोन्ही हातांवर दुपट्टा टाकला आणि आत माझं मधलं बोट एकदा घट्ट दाबलं. सौदा पक्का.

स्टँडवर परतलो तेव्हा वाशीमची गाडी लागायला वेळ होता. बाकावर बसून मी खातं उघडलं. चालू होतं. पुढच्या मशीनचे फोटो फोनमध्ये तयारच होते. मी ते टाकले, वर्णन लिहिलं, खाली अट लिहिली: जुनी वायर विक्रेत्याकडे राहील, नवी वायर सोबत मिळेल. बाबांनी ती अट मला दोनदा वाचायला लावली, मग म्हणाले, “टाक.”

मी बटण दाबलं. लिलाव सुरू झाला.